घरी बांधायची आडवी बँड-करवत: लाकूड चिरणाऱ्यांचा सल्ला हवा

#१ राऊचा_लिंब (इंदूर)

मंडळी, नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटच्या वादळात राऊजवळच्या आमच्या शेतावरचा कडुलिंब मुळासकट आडवा झाला. सोबत दोन आंबेही गेले. लिंब आजोबांनी लावलेला. बुंध्याचा घेर ७२ इंच भरला, म्हणजे व्यास जवळपास २३ इंच. बिनफांद्यांचा सरळ भाग ९ फूट. एका वखारीत विचारलं तर उत्तर आलं, "शेतातला लिंब, आत खिळे असणार, सरपणात देऊन टाका." त्या रात्री मला झोप लागली नाही. या लाकडाचा मला झोपाळ्याचा पाट करायचाय, अख्ख्या रुंदीचा, बिनजोडाचा. आजी ज्या झोपाळ्यावर बसून वाती वळायची तो जुन्या घराबरोबर गेला.

म्हणून आडवी बँड-करवत स्वतः बांधायचं ठरवलंय. ओंडका जागेवर राहतो आणि करवतीचं डोकं रुळांवरून त्याच्यावर सरकतं, तशी. पीथमपूरला टूलरूममध्ये २२ वर्षं काढली आहेत. वेल्डिंग, लेथ, अलाइनमेंट हातातलं आहे. लाकूड नवीन आहे.

डोक्यात आहे ते असं: मारुती ८०० ची दोन चाकं टायरसकट, त्यावर ३२ मिमी रुंदीचा दातेरी पट्टा, म्हणजे करवतीचं पातं. दोन चाकांच्या मध्यांत १२०० मिमी अंतर. सांगाडा ५० बाय ५० च्या चौकोनी पाइपचा. जुन्या पिठाच्या गिरणीची ५ एचपी थ्री-फेज मोटर पडून आहे. डोकं वर-खाली करायला दोन आट्यांचे रॉड, सायकलच्या चेनने जोडलेले. रूळ म्हणून उलटा अँगल.

प्रश्न: टायर ठेवावेत की पुली? ५ एचपी पुरेल का? पट्टा किती ताणायचा? ज्यांनी प्रत्यक्ष लाकूड चिरलंय त्यांनी जरूर लिहा.

#२ महूवाला_भिया

जियो भिया! पाट झाला की पहिलं झोपाळ्यावर बसून पोहे खायला आम्ही येणार. जागा आत्ताच अडवून ठेवतोय.

#३ ग्वाल्हेरचा_आरा

बेटा, आधी एक कडू गोष्ट, मग मशीनचं बोलू. वडिलांची ग्वाल्हेरच्या लष्कर भागात परवान्याची आरा मशीन (लाकूड चिरायची गिरणी) होती, मी तीस वर्षं ती चालवली. आपल्या राज्यात 'मध्य प्रदेश काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम, १९८४' लागू आहे. लाकूड चिरण्याचं यंत्र उभं करायचं तर वनखात्याचा परवाना. त्यात १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीच्या गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि त्यानंतर विनापरवाना आरे बंद होत गेले. आमच्या गल्लीत एका आठवड्यात तीन आऱ्यांना कुलूप लागलेलं मी पाहिलंय. नव्या परवान्यांचं काम पुढे राज्यस्तरीय समितीकडे गेलं, २०१६ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं त्यावरच आहेत.

"माझ्या शेतात, माझं झाड, माझ्यासाठी" हे तुम्हाला पुरेसं वाटेल. ते खात्याला पुरतं की नाही, हे वनमंडळ कार्यालयात अर्ज देऊन, पोचपावती घेऊन विचारा. तोंडी उत्तरावर मशीन चालवू नका. जप्तीत मशीन जातंच, लाकूडही जातं.

#४ पाटा_रंधा (पुणे)

काका, इतकं घाबरवू नका. घरगुती छंदाला कोण विचारतं? आमच्याकडे लोक चेनसॉला (साखळी-करवतीला) लोखंडी चौकट लावून फळ्या काढतात, आजवर कोणी काही म्हटलेलं नाही.

#५ ग्वाल्हेरचा_आरा

@पाटा_रंधा, कोणी काही म्हटलं नाही म्हणजे परवानगी आहे, असं नसतं. आणि राज्य वेगळं, कायदा वेगळा. ज्याचं नुकसान व्हायचं तो इंदूरला बसलाय, म्हणून मी स्पष्ट लिहिलं.

#६ रेवा_मकरपुरा (बडोदे)

यंत्राकडे वळते. मी मशीन डिझाइनमध्ये आहे, आणि ही गणितं मला मनापासून आवडतात.

पट्टा तुटतो तो बहुतेक वेळा ताणाने नाही, वाकण्याने. चाकावरून जाताना तो दर फेरीत दोनदा वाकतो आणि सरळ होतो. वाकण्याचा ताण म्हणजे पोलादाचा लवचिकता गुणांक गुणिले पट्ट्याची जाडी भागिले चाकाचा व्यास. तुमचा टायर १४५/७० आर १२ असेल तर बाहेरचा व्यास ५०८ मिमी. १.०७ मिमी जाडीचा पट्टा घेतला तर सुमारे ४३५ मेगापास्कल. हाच पट्टा ३०० मिमीच्या चाकावर घातलात तर ७४० च्या आसपास, आणि एक ओंडका संपायच्या आत दातांच्या खोबणीतून चिरा सुरू होतील. चाक लहान तर पट्टा पातळ, हा जुना आडाखा त्यातूनच आलाय. तुम्ही काठावर आहात. ०.९ मिमीचा मिळाला तर तो घ्या, ३६५ वर याल.

आता ताण. अशा पट्ट्याला १४० मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो. दातांच्या खोबणीमागची रुंदी २५ मिमी धरली तर एका बाजूला ३.७ किलोन्यूटन, दोन्ही बाजू मिळून साडेसात. म्हणजे पट्टा ताणायला जे चाक सरकवता त्याच्या शाफ्टवर पाऊण टन सतत, आणि वर हादरे. ५० बाय ५० चा पाइप तुटणार नाही, पण पिळला जाईल. चाकं एका पातळीतून एक अंशाने जरी फिरली तरी पट्टा चाकावर टिकत नाही. मुख्य तुळई १०० बाय ५० च्या चॅनलची (सी आकाराच्या लोखंडाची) करा, दोन चॅनल तोंडाला तोंड लावून पेटी केलीत तर उत्तम. शाफ्ट ३५ मिमी, बेअरिंग यूसीपी २०७.

वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास ठेवा. तुमच्या चाकाचा परीघ १.६ मीटर, म्हणजे मिनिटाला ९५० फेरे. १४४० ची मोटर असेल तर मोटरवर ५ इंची पुली, चाकावर साडेसात इंची. हिशेब जुळतो.

#७ महूवाला_भिया

पाऊण टन ताण! आमच्या मुलीच्या दहावीला घरात होता तेवढाच.

#८ देवासचा_वखारवाला

रेवाताईंचं गणित बरोबर आहे, पण टायरबद्दल माझं मत वेगळं. टायर गोल नसतो. गाडीखाली तो बरा वाटतो कारण गाडीचं वजन त्याला दाबून ठेवतं. इथे त्यावर ३२ मिमीची पातळ पट्टी चालणार. टायर एक सूत (इंचाचा आठवा भाग) जरी उडाला तरी पट्टा दर फेरीला पुढे-मागे होतो आणि फळीवर त्याच्या रेघा उमटतात. २० इंची बिडाची दोन गाळ्यांची (खाचांची) बी-सेक्शन पुली घ्या. एका गाळ्यात व्ही-बेल्ट बसवा, बेल्टची पाठ गाळ्याबाहेर थोडी वर राहील असा. त्या पाठीवर पट्टा चालेल. मोटरने फिरणाऱ्या चाकाच्या दुसऱ्या गाळ्यातून मोटरचा बेल्ट येईल, वेगळी पुली नको. त्याच चाकावरचा पट्ट्याखालचा बेल्ट घट्ट बसवा, नाहीतर घसरतो.

इंदूरच्या सियागंज बाजारात पुली विचारा, नाही मिळाली तर भंगारात जुन्या गिरण्यांच्या निघतात. तुम्हाला लेथ येतो, खरवडून एका केंद्रात आणालच. फक्त व्यास बदलला की वेगाचा हिशेब पुन्हा मांडा.

५ एचपीत २० इंच रुंद लिंब चिरला जाईल, सावकाश. ढकलायची घाई करू नका.

#९ राऊचा_लिंब

काका, ताई, दादा, मनापासून आभार. पुली घेतो. चॅनलही पटला.

परवान्याचं वाचून थोडा हललो, पण बरं झालं आत्ताच कळलं. सोमवारी वनमंडळात जाऊन अर्ज देतो. उत्तर येईपर्यंत यंत्राला लाकूड लावणार नाही, शब्द.

पण मग लिंबाचं काय? टोकांना भेगा पडायला लागल्यात. आंब्याच्या सालीखाली निळसर डाग दिसतायत.

#१० मावशी_रामबाग

टोकांना आजच्या आज जाड ऑइलपेंट फासा, दोन हात. मेण वितळवून लावलंत तरी चालेल. पाणी टोकांतून फार लवकर निघतं, मधून सावकाश, म्हणून टोकं फाटतात. आमच्या ह्यांचं फर्निचरचं काम होतं, उन्हाळ्यात आलेल्या प्रत्येक ओंडक्याला आधी रंग, मग चहा.

आंब्याला थांबवू नका. पावसाळी हवेत काही आठवड्यांत तो आतपर्यंत निळा पडतो आणि मग भुंगेरे भुसा पाडायला लागतात. फळ्या काढल्या की बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्याने ओल्या असतानाच धुवा.

#११ देवासचा_वखारवाला

@राऊचा_लिंब, आमची मिल परवान्याची आहे. उभा आरा, ४ इंची पट्टा, ट्रॉलीवर ओंडका. तुमचा २३ इंची सहज जाईल. खिळ्यांची भीती मलाही आहे, पण आपण आधी शोधू. मध्य प्रदेशातले वनोपजाच्या वाहतुकीचे नियम लक्षात ठेवा. लिंबाला आणि आंब्याला पास लागतो का, तुमच्या अर्जाबरोबर हेही विचारून घ्या आणि मगच गाडी भरा. वाटेत अडवलं तर कागद हातात हवा.

खिळा शोधायची एक खूण सांगतो. टोकाच्या कापावर काळा-निळा डाग किरणासारखा आत गेलेला दिसला तर त्या रेषेत कुठेतरी लोखंड आहे. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून तो रंग होतो. बाभळीत आणि सागात फार ठळक दिसतो. लोहचुंबक वरवरचंच धरतं, हातात धरायचं मेटल डिटेक्टर असेल तर आणा.

#१२ पाटा_रंधा (पुणे)

चेनसॉच्या चौकटीचा पर्याय एवढा वाईट नाही. यंत्र उचलून झाडापाशी नेता येतं, रूळ नको, पुली नको.

#१३ रेवा_मकरपुरा (बडोदे)

नेता येतं हे खरं. पण चेनचा काप ८ ते १० मिमी जातो, पट्ट्याचा २ ते अडीच. ४०० मिमी जाडीच्या लाकडातून २८ मिमीच्या फळ्या काढल्या तर पट्ट्याने १३ निघतात, ९ मिमीच्या चेनने ११. दोन फळ्या भुशात. आजोबांच्या झाडाच्या दोन फळ्या मी तरी भुशात जाऊ दिल्या नसत्या.

#१४ पाटा_रंधा (पुणे)

हे मान्य. १३ आणि ११ चा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

#१५ ग्वाल्हेरचा_आरा

आता लाकडाचं बोलतो, कारण धाग्यात सगळं लोखंडाचंच चाललंय.

आरा मशीन यायच्या आधी आमच्याकडे करवत ओढणारी जोडी यायची. खड्ड्यावर ओंडका, एकजण वर, एकजण खाली. चिरण्याआधी काव लावलेलं सूत मारायचे, ओळंबा सोडून दोन्ही टोकांवर उभी रेघ ओढायचे. त्यात अर्धा दिवस जायचा. वडील विचारायचे, एवढा वेळ का? वरचा म्हणायचा, "करवत सुरू झाली की लाकूड आपलं ऐकत नाही, जे ठरवायचं ते आत्ताच." तुम्हालाही तेच सांगतो. ओंडक्याच्या टोकाजवळ बसा, गाभ्याचा बिंदू शोधा, भेगा कुठल्या दिशेने गेल्यात ते पाहा.

झोपाळ्याचा पाट गाभ्यातून काढू नका. गाभा ज्या पाटात राहील तो सुकताना मधोमध फाटणारच, मग रुंदी कितीही असो. गाभ्याच्या वर दीड-दोन इंच सोडून काप घ्या. २३ इंचांतून सालीखालचं पांढरं लाकूड गेलं तरी १८-१९ इंच रुंद पाट मिळेल. लिंबाच्या शिरा एकमेकींत अडकलेल्या असतात, रंधा मारताना उलट्या उपटतात. म्हणून जाडी सढळ ठेवा, सव्वादोन इंच. सुकून, आकसून, रंधा मारून पावणेदोन उरेल.

#१६ मावशी_रामबाग

काका, मी इथे वेगळं म्हणेन. १९ इंचांचा एकसंध पाट बाक धरतो. दहा-दहा इंचांचे दोन भाग, जीभ-खाचेने जोडलेले, पिढ्यान् पिढ्या सरळ राहतात. आमच्या घरचा तसाच आहे.

#१७ ग्वाल्हेरचा_आरा

ताई, तुमचं सुतारकाम बरोबर आहे. त्याच्या जागी मी असतो तर तरीही एकसंध केला असता, खालून दोन आडव्या पट्ट्या लांबट भोकांच्या स्क्रूंनी लावून. लाकूड आकसायला-फुगायला मोकळं, आणि बाकायला बंदी.

#१८ मावशी_रामबाग

लांबट भोकं असतील तर माझी हरकत नाही.

#१९ माळवी_माती (सांवेर रोड)

रुळांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. तुमचं शेत काळ्या मातीचं. ही माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी शेतावर कटरचा टेबल असाच जमिनीवर बसवला होता. जूनमध्ये पाणसळीत होता, ऑगस्टमध्ये एक कोपरा पाऊण इंच वर. तुमच्या यंत्रात रूळ जसा, फळी तशी. रुळाला मधे एक सूत झोळ असेल तर तोच झोळ प्रत्येक फळीच्या अंगावर येणार.

उपाय असा. रूळ जमिनीत गाडू नका. दोन्ही रूळ आणि ओंडका ठेवायच्या आडव्या तुळया मिळून एकच ताठ शिडी बांधा, चॅनलची. ८ फुटी ओंडक्याला शिडी १४ फूट तरी हवी, डोक्याला दोन्हीकडे थांबायला जागा लागते. ही शिडी सहा ठिकाणी जाड बोल्टांवर उभी करा, बोल्टांखाली मुरमापर्यंत खोल नेलेले काँक्रीटचे ठोकळे. दर ऋतूला दोरी ताणून आणि पाणसळ ठेवून बोल्ट फिरवायचे, अर्ध्या तासाचं काम. पाणसळीपेक्षा दोरी महत्त्वाची आहे. अख्खी शिडी एका बाजूला उतरती असली तरी फळी सरळ येते, पण शिडी पिळलेली असली तर येत नाही.

#२० रेवा_मकरपुरा (बडोदे)

हा धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. आम्ही कागदावर चाकांची गणितं मांडत बसलो आणि खालची जमीन विसरलो.

#२१ बडोद्याचा_हिंडोळा

झोपाळ्याचा विषय निघालाय तर जरा आडवं बोलतो. आमच्याकडे घर तिथे हिंचको. आणि फर्निचर म्हटलं की संखेडा गावचं, सागाचं, चरकावर कातून लाखेने रंगवलेलं. लिंबाचा पाट मात्र मी अजून पाहिला नाही. पितळी कड्या कुठल्या लावणार? साखळी पाटाच्या टोकापासून निदान पाच इंच आत घ्या, अगदी काठाला भोक पाडलं तर लाकूड शिरेवर उकलतं.

#२२ देवासचा_वखारवाला

पट्टा लाटेसारखा का चालतो, हे पुढे तुम्ही विचारालच, आत्ताच लिहून ठेवतो. पहिलं कारण बोथट पट्टा. दुसरं, ताण कमी. तिसरं, दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात ते सारखे नसणं. एका बाजूला जास्त वाकलेले असले की पट्टा त्याच बाजूला ओढला जातो. चौथं, डोकं ढकलायची घाई, भुसा खोबणीत मावत नाही आणि पट्टा वर चढतो. लोक आधी मोटरला दोष देतात. मोटरचा दोष मी फार क्वचित पाहिला.

पट्ट्यावर साबणाच्या पाण्याची धार थेंब-थेंब ठेवा. चिकाचं लाकूड असेल तर त्यावाचून चालतच नाही. कांडल्याला उतरणारं न्यूझीलंडचं पाइन गांधीधामच्या मिलमध्ये चिरताना मी पाहिलंय, पाणी बंद झालं की दहा मिनिटांत पट्ट्यावर राळेची साल चढते.

आणि दोन्ही चाकांवर पूर्ण झाकण. पट्टा तुटला की सापासारखा बाहेर येतो. त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, लेकरं तर शेतातच नकोत.

#२३ राऊचा_लिंब

बरेच दिवस लिहिलं नाही, माफी असावी. एकत्रच सांगतो.

अर्ज दिला, पोचपावती आहे, उत्तर यायचंय. वाहतुकीचा कागद मात्र झाला आणि ओंडके देवासला नेले. वखारवाले दादांनी सकाळपासून माझ्याबरोबर डिटेक्टर फिरवला. एका जागी वाजलं. पटाशीने तीन इंच खोदल्यावर लोखंडी कडी निघाली, लाकडाने पूर्ण गिळलेली. आईला फोन केला, तर ती म्हणाली, त्या कडीला वासरू बांधायचे. ती कडी मी घरी आणली आहे.

काका, तुम्ही सांगितलंत तसा आधी टोकाजवळ तासभर बसलो. पाट गाभ्याच्या वरून घेतला. १९ इंच रुंद, सव्वादोन इंच जाड, साडेसहा फूट लांब. आत तांबूस, कडेला पिवळट. आरा त्यातून गेला तेव्हा लिंबाचा जो कडवट वास सुटला, तो आजोबांच्या दातणाचा वास. मी तिथेच बसून राहिलो. दादांनी चिराईचे पैसे घेतले नाहीत. ते मी विसरणार नाही.

आता सगळं शेडमध्ये सावलीत थप्पी लावून ठेवलंय. प्रत्येक फळीच्या मधे इंचभर जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक, वर दगड. आंबा बोरॅक्सने धुतला. पाटाला दोन-अडीच वर्षं लागतील, इंचाला वर्ष या हिशेबाने.

#२४ महूवाला_भिया

भिया, पोह्यांसाठी अडीच वर्षं थांबेन, पण शेव जास्त लागेल.

#२५ मावशी_रामबाग

कडी फेकू नका हो. झोपाळ्यावर नाही तर दारावर तरी लावा.

#२६ राऊचा_लिंब

दारावरच लावणार आहे, मावशी.

आता मूळ प्रश्नाकडे. यंत्र उभं राहिलंय. दुहेरी चॅनलची तुळई, २० इंची बिडाच्या पुल्या, मुरमापर्यंत ठोकळे, सहा बोल्ट. काल लाकूड न लावता नुसता पट्टा चढवून हाताने चाक फिरवलं. पट्टा तिसऱ्या फेरीलाच पुढे सरकून उतरला. सरकत्या चाकाचा कल किंचित बदलला, ताण वाढवला, पुन्हा फिरवलं. टिकला. मग मोटर लावली. दहा मिनिटं पट्टा एका जागी चालला, दोरीसारखा.

आता अडलोय ते गाइडच्या, म्हणजे पट्टा रेषेत धरणाऱ्या, रोळांपाशी. पट्टा दोन रोळांवरून किती खाली दाबायचा? आणि दात बेल्टवर बसू द्यायचे की बाहेर?

#२७ देवासचा_वखारवाला

दात बाहेर, बेल्टच्या कडेपासून एक सूतभर. आत राहिले तर वाकवलेले दात सरळ होतात आणि बेल्टही कापला जातो. दोन्ही रोळ पट्ट्याला पाव इंच खाली दाबतील असे लावा. रोळाची मागची कड पट्ट्याच्या पाठीपासून एक सूत दूर. रिकामा चालताना ती कड पट्ट्याला लागता कामा नये, ढकलल्यावरच लागावी.

#२८ रेवा_मकरपुरा (बडोदे)

आणि रात्री पट्टा ताणून ठेवू नका. काम झालं की स्क्रू सैल करा. चाकावर एका जागी वाकलेला पट्टा सकाळी तिथेच चिरतो, आणि बेल्टवरही खड्डा पडतो.

#२९ ग्वाल्हेरचा_आरा

खात्याचं उत्तर आलं की इथे शब्दशः लिहा. असा विचार करणारे आणखीही असतील, त्यांना उपयोगी पडेल.

#३० राऊचा_लिंब

लिहितो, काका. आत्ता शेडवर जाऊन आधी स्क्रू सैल करून येतो, कालपासून पट्टा ताणलेलाच आहे.